लहान शहरात बिग बॉक्स दुकान येतं तेव्हा हिशेब कशाचा करायचा?

रेखांश (धागाकर्ती)

लहान शहरांच्या विकास आराखड्यांवर मी बरीच वर्षं काम केलं. त्या काळात एकच बैठक पुन्हा पुन्हा पाहिली, फक्त माणसं बदलायची. टेबलावर मोठं रंगीत चित्र पसरलेलं असतं: शहराबाहेर हमरस्त्याला लागून एकमजली लांबरुंद दुकान, समोर गाड्यांच्या रांगा. कंपनीचा प्रतिनिधी दोन आकडे सांगतो, इतक्या नोकऱ्या आणि वर्षाला इतका कर. समोरची मंडळी ते दोन आकडे वहीत टिपून घेतात आणि चर्चा तिथेच संपत येते. यासाठी जमीन किती जाणार आणि दर एकरामागे शहराच्या पदरात काय पडणार, हा तिसरा आकडा मी एकदाही आपणहून आलेला पाहिला नाही. हा धागा त्यासाठीच.

बिग बॉक्स म्हणजे मॉल नव्हे. मॉलमध्ये अनेक दुकानं असतात. इथे एकच कंपनी, एकच छत, गोदामासारखी बिनखिडक्यांची इमारत आणि भोवती तिच्याहून मोठं पार्किंग. वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीचं नाव सगळ्यांत आधी येतं, कारण सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहान गावात पहिलं दुकान काढलं तेच मुळी मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून.

आता एकराचा हिशेब. समजा दुकान १,८०,००० चौरस फुटांचं आहे. अमेरिकेत दर हजार चौरस फुटांना ४ ते ५ गाड्यांची जागा ठेवायचा नियम सर्रास आढळतो. पाच धरल्या तर ९०० गाड्या. एक गाडी उभी करायची जागा आणि तिच्या वाट्याचा ये-जा करायचा रस्ता मिळून सुमारे ३२० चौरस फूट लागतात, म्हणजे २,८८,००० चौरस फूट. दुकानाखाली साधारण चार एकर आणि गाड्यांखाली साडेसहा. त्यात मालट्रक वळायची जागा, पावसाचं पाणी साठवायचा खड्डा आणि सोडलेली मोकळी पट्टी मिळवा, की आकडा पंधरा-वीस एकरांवर सहज जातो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल शहरात जोसेफ मिनिकोझी या नगर नियोजकांनी हीच मांडणी केली आणि ती नियोजनाच्या क्षेत्रात खूप गाजली. तिथल्या ३४ एकरांवरच्या वॉलमार्टमधून मालमत्ता कर एकरी सुमारे ६,५०० डॉलर येत होता. जुन्या बाजारात दुरुस्त करून उभ्या केलेल्या, खाली दुकानं आणि वर घरं असलेल्या एका इमारतीचा आकडा एकरी ६,३४,००० डॉलर होता. ती इमारत जेमतेम एक पंचमांश एकरावर उभी आहे. विक्रीकरात तरी बिग बॉक्स पुढे असेल असं वाटतं, पण तिथेही एकरी ४७,५०० विरुद्ध ८३,६०० डॉलर. नोकऱ्या एकरी सहाच्या आत, तर जुन्या इमारतीत एकरी ७३ हून जास्त. ती इमारत त्याआधी अनेक वर्षं रिकामी पडून होती, म्हणजे शहराची खरी मिळकत त्याच्या डोळ्यांसमोरच कुलूपबंद होती.

मी बिग बॉक्सच्या विरोधात नाही. पण लहान शहराकडे जमीन, नळ आणि रस्ते एवढंच भांडवल असतं. ते कुठे गुंतवायचं याचा निर्णय दोन आकड्यांवर होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं. तुमचे अनुभव लिहा.

बेरीजवजाबाकी

लेख आवडला, पण मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही.

एकराचा हिशेब महानगरात पटतो, तिथे जमीन दुर्मीळ असते. लहान शहराबाहेर माळ पडलेला असतो. तिथे एकराला काही मिळत नव्हतं, आता साडेसहा हजार मिळतील. शिवाय तुमची तुलना शहरातल्या सगळ्यांत चांगल्या इमारतीशी आहे. तो मोक्याचा कोपरा प्रत्येक शहराकडे नसतो.

आणि या सगळ्यात गिऱ्हाईक कुठे आहे? एमेक बास्कर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांत वॉलमार्ट आल्यानंतरच्या किमती तपासल्या. ॲस्पिरिन, शाम्पू, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर अशा रोजच्या वस्तू सुरुवातीला दीड ते तीन टक्क्यांनी उतरल्या आणि पुढच्या काळात त्याच्या चौपट. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात साबणाची वडी सुरीने अर्धी कापून वापरणाऱ्या घरात मी वाढलो. अशा घराला दहा टक्के म्हणजे काय, ते आराखड्याच्या टेबलावर बसलेल्यांना कळत नाही. दहा टक्के स्वस्ताई हासुद्धा विकासच आहे.

रेखांश

बेरीजवजाबाकी, शेवटचा परिच्छेद मला पूर्ण मान्य. स्वस्त माल हा खरा फायदा आहे आणि तो सगळ्यांत जास्त गरिबाला होतो. तो नाकारून कोणताही हिशेब मांडता येणार नाही.

माळ फुकट आहे हे मात्र मान्य नाही. माळाची किंमत शून्य असेल, पण तिथपर्यंत जाणाऱ्या जलवाहिनीची नसते. शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटरवर दुकान उभं राहिलं की पाणी, मलवाहिनी, रस्ता, दिवे आणि सिग्नल दोन किलोमीटर पुढे सरकतात. पहिल्या वेळी कंपनी खर्च करते, कधी शहर आणि कंपनी मिळून करतात. पंचवीस-तीस वर्षांनी तो नळ बदलायचा असतो तेव्हा कंपनी असेलच असं नाही, शहर मात्र असतंच. घनदाट वस्तीत एका नळावर शंभर बिलं असतात, माळावरच्या नळावर एक. म्हणून मी एकर मोजते. जमीन किती दुर्मीळ आहे यापेक्षा शहराला किती लांबीची देखभाल गळ्यात पडते, ते एकरातून कळतं.

मोक्याच्या कोपऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. तिथे सगळ्यांत चांगली नव्हे, साधी दुमजली रांग घेऊन तुलना करावी. अंतर कमी होईल, पण बहुतेक वेळा दिशा तीच राहते.

तागडी

मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझं बोलणं व्हाउचरच्या फायलीतून येणार.

एका साधारण दुकानाच्या वर्षभराच्या फायलीत काय निघतं? पाटी रंगवणाऱ्याची पावती. बिलबुकं छापून देणाऱ्याची पावती. वायरिंग दुरुस्त करणारा, शटरला तेलपाणी करणारा, विमा एजंट, हातगाडीने माल आणून टाकणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेतली पाव पानाची जाहिरात, आणि माझी फी. सगळी नावं त्याच शहरातली. बिग बॉक्सच्या फायलीतली ही सगळी कामं मुख्यालयातून ठरतात. पाटी एकाच कंत्राटदाराकडून येते, विमा एकाच ठिकाणी उतरतो, हिशेब दुसऱ्या राज्यात होतो. दुकानाचा रोजचा गल्ला त्याच रात्री मुख्यालयाच्या खात्यात जातो. व्यापाऱ्याचा गल्ला गावातल्या शाखेत निदान काही दिवस राहतो आणि त्यावर शाखा दुसऱ्याला कर्ज देते.

शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात हेच आकड्यात आलं. स्थानिक व्यवसायात खर्च झालेल्या १०० डॉलरमधले ६८ त्या शहराच्या अर्थव्यवस्थेत राहत होते, साखळी दुकानात ४३. तो अभ्यास मोजक्याच व्यवसायांचा होता, त्यामुळे हेच आकडे दुसरीकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण पैसा कुठल्या वाटेने बाहेर जातो, ते माझ्या फायलींत मला रोज दिसतं.

बेरीजवजाबाकी यांना एक विचारायचं आहे. ग्राहकाचे दहा वाचले आणि त्याच ग्राहकाच्या छापखान्याचं काम गेलं, तर त्याच्या घरात शेवटी काय उरलं?

बेरीजवजाबाकी

तागडी, प्रश्न रास्त आहे. पण छापखान्याचं काम बिग बॉक्समुळेच गेलं हे कशावरून? बिलबुकं तर संगणकानेही संपवली. पांले जिया यांच्या २००८ च्या अभ्यासात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेतली लहान सवलतीची दुकानं जितकी घटली, त्यातला ४० ते ५० टक्के वाटा वॉलमार्टच्या विस्ताराचा निघाला. हा आकडा मोठाच आहे. पण उरलेली निम्मी घट दुसऱ्या कारणांनी झाली, हेही त्यातच आलं.

नोकऱ्यांबद्दल दोन्ही बाजूंचे आकडे देतो. बास्कर यांच्या २००५ च्या निबंधात दुकान आलेल्या वर्षी काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) किरकोळ व्यापारातल्या सुमारे १०० नोकऱ्या वाढतात, पुढच्या पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या विरतात, आणि घाऊक व्यापारातल्या वीसेक जातात. म्हणजे शिल्लक आहे, पण बेताची. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगळी पद्धत वापरली. त्यांना वॉलमार्टच्या एका कामगारामागे किरकोळ व्यापारातले सुमारे १.४ कामगार कमी झालेले दिसले. मतभेदाचं मूळ हे की कंपनी आधीच वाढत्या शहरांची निवड करते, आणि ती वाढ दुकानाच्या खात्यातून कशी वजा करायची यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. कंपनीचा प्रतिनिधी बैठकीत समजा तीनशे नोकऱ्या सांगतो, तो आकडा मात्र दोन्ही निबंधांत शिल्लक म्हणून कुठेच टिकत नाही, हे मला मान्य करावं लागेल.

रात्रपाळी

मी अशा दुकानात साडेतीन वर्षं रात्री माल लावायचं काम केलं. नाव लिहीत नाही.

रात्री दहाला ट्रक लागायचा. फळ्यांच्या चौकटीवर माणसाच्या उंचीचा ढीग, त्याला प्लास्टिकचा ताणलेला पापुद्रा. तो कापायची सुरी आपली आपणच आणायची. हातातल्या यंत्राने पट्टी वाचली की कोणत्या रांगेत, कोणत्या फळीवर, किती नग दर्शनी ठेवायचे ते पडद्यावर येतं. दुकानातल्या कुणीच काही ठरवत नाही. तागडी म्हणतात ते मुख्यालय मला रोज रात्री त्या यंत्रात भेटायचं.

तरीही एक बाजू कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. त्याआधी मी एका लहान दुकानात काउंटरवर होते. तिथे पगाराची चिठ्ठी नव्हती, सुट्टी मालकाच्या मर्जीवर, आणि बाईमाणसाने बसायला स्टूल मागितलं तरी तोंड वाकडं. मोठ्या दुकानात ठरल्या तारखेला पगार खात्यात यायचा, चिठ्ठी मिळायची, स्वच्छतागृह होतं. ते माझ्यासाठी लहान नव्हतं. स्थानिक म्हणजे चांगला मालक असं समीकरण या धाग्यावर कुणी मांडू नये.

त्रास तासांचा होता. भरतीच्या वेळी आठवड्याला चाळीस तास सांगितले. दुकान स्थिरावल्यावर एका आठवड्यात बत्तीस, पुढच्या आठवड्यात एकोणीस. वेळापत्रक संगणक करायचा आणि आठ दिवस आधी लागायचं. भाडं मात्र पूर्ण महिन्याचंच. कागदावर आम्ही सगळे "नोकरी" म्हणून मोजले जात होतो, एकोणीस तासवालेसुद्धा.

तागडी

रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मी ज्यांचे हिशेब लिहितो त्यांच्यातलेही काही जण पगार रोखीने आणि चिठ्ठीशिवाय देतात. मी त्यांना सांगत असतो, पुरेसा जोर लावत नाही. तुमचा मुद्दा मान्य.

पाणवठा

+१ रात्रपाळी.

शेजारच्या गावांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकापासून आयोवातल्या गावांची विक्री वर्षानुवर्षं तपासली. दुकान ज्या शहरात आलं तिथली एकूण विक्री वाढली. जेवणाची ठिकाणं आणि फर्निचरवाले यांनाही फायदा झाला, कारण लोक लांबून यायला लागले. तोटा झाला तो तोच माल विकणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त आसपासच्या लहान गावांना, जिथे दुकान आलंच नाही.

म्हणजे विक्री नवी निर्माण झाली नाही, एका गावातून दुसऱ्यात गेली. हे कळल्यावरच दोन शेजारी शहरं एकमेकांविरुद्ध बोली लावतात, आणि कंपनी दोघांना एकाच आठवड्यात भेटते. करमाफी, फुकट जमीन, भविष्यातल्या करातून आजचा रस्ता. गुड जॉब्स फर्स्ट या संस्थेने २००४ मध्ये मोजलं तेव्हा एकट्या वॉलमार्टला अमेरिकेत अशा सार्वजनिक मदतीपोटी १०० कोटी डॉलरहून जास्त मिळाल्याचं दिसलं. ज्या दुकानदाराचं गिऱ्हाईक जाणार, त्याच्याच करातून ही सवलत दिली जाते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे.

रेखांश

पाणवठा यांनी सवलतीचा विषय काढला, म्हणून कराचा दुसरा अंक लिहिते.

अमेरिकेत "डार्क स्टोअर" नावाचा युक्तिवाद आहे. कंपनी कर आकारणीविरुद्ध अपील करते आणि म्हणते, आमच्या चालू दुकानाची किंमत ठरवताना बंद पडलेल्या, विकल्या गेलेल्या दुकानांशी तुलना करा. अशी दुकानं मातीमोल विकली जातात. का? एक तर एवढा मोठा खोका दुसऱ्या कुणाला लागत नाही. दुसरं, कंपनी स्वतःच विकताना खरेदीखतात अट घालते की इथे प्रतिस्पर्धी दुकान काढायचं नाही. स्वतःच्या अटीने किंमत पाडायची आणि त्या पडलेल्या किमतीवर चालू दुकानाचा कर कमी मागायचा.

मिशिगनमधलं एस्कनाबा हे जेमतेम १२ हजार वस्तीचं शहर यात सापडलं. मेनार्ड्स या घरबांधणीचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या अपिलात कर न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. शहर वर गेलं आणि २०१६ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण फेरविचाराला परत पाठवलं. १२ हजार वस्तीच्या शहराने अनेक राज्यांत पसरलेल्या कंपनीशी वकील लावून भांडायचं, हा खर्च सुरुवातीच्या चित्रात कुठे होता? अपिलात आकारणी घटली, तर वाचनालय, अग्निशमन, शाळा यांच्यासाठी आधीच खर्च झालेला पैसा परत करायची पाळी येते.

सहज_वाचक

कंपनी निघून गेल्यावर काय होतं?

पाणवठा

जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यातली १५४ अमेरिकेतली. काही लहान गावांत जुना दुकानदार आधीच संपलेला होता. नवीनही गेल्यावर किराण्यासाठी मैलोन्मैल गाडी काढायची वेळ आली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीत तर कोळसा खाणी आटल्यावर उरलेल्या मोठ्या नोकरीच्या ठिकाणांपैकी ते एक होतं, तेच गेलं.

इमारतीचं चांगलं होऊ शकतं, पण त्याला शहराची ताकद लागते. टेक्ससमधल्या मॅकॲलन शहराने रिकामं वॉलमार्ट घेऊन २०११ मध्ये तिथे सार्वजनिक वाचनालय उघडलं, जवळपास सव्वा लाख चौरस फुटांचं. अप्रतिम काम आहे. पण मॅकॲलन लाखाच्या वर वस्तीचं शहर आहे. दहा-बारा हजारांच्या शहराने एवढ्या छपराची गळती कशी थांबवायची?

गोषवारा

मग बंदी घाला, असं कुणी म्हणण्याआधी जपान पाहावं. तिथे १९७४ पासून मोठ्या दुकानांच्या कायद्यामुळे स्थानिक दुकानदारांची संमती असल्याशिवाय मोठं दुकान काढणं फार कठीण होतं. तो कायदा २००० मध्ये रद्द झाला. रेल्वे स्टेशनसमोरच्या जुन्या बाजाररांगा उतरणीला आधीच लागल्या होत्या, तरुण शहरं सोडून गेले होते, मालकांची मुलं दुकानात बसायला तयार नव्हती. नंतर त्या उताराला वेग आला. बंद शटरांच्या या गल्ल्यांना जपानीत "शटर-गाई" असा शब्दच आहे. २००६ मध्ये त्यांनी पुन्हा नियम कडक केले आणि १०,००० चौरस मीटरवरच्या दुकानांना शहराबाहेर बऱ्याच ठिकाणी मज्जाव केला. तोवर बरंच हातचं गेलं होतं. पंचवीस वर्षं संरक्षण मिळूनही त्या काळात बाजार सुधारला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

जर्मनीचा मार्ग मला आवडतो. १,२०० चौरस मीटरच्या पुढचं दुकान सर्वसाधारणपणे शहराच्या मुख्य भागात किंवा त्यासाठी खास आखलेल्या क्षेत्रातच काढता येतं. ब्रिटनने १९९६ पासून असं धरलं की मध्यवर्ती भागात योग्य जागा नाही हे आधी विकासकाने दाखवायचं, मगच बाहेरची परवानगी मागायची. दोन्हीकडे मोठ्या दुकानाला दार बंद नाही, फक्त जागा शहर सांगतं.

अमेरिकेतही हे झालं आहे. व्हरमाँटमधल्या रटलंड या लहान शहरात १९९० च्या दशकात वॉलमार्ट बाहेरच्या माळावर न जाता मध्यवर्ती भागातल्या केमार्ट या दुसऱ्या साखळी दुकानाच्या जुन्या इमारतीत आलं, नेहमीपेक्षा बऱ्याच लहान आकारात. शहर ठाम राहिलं तर कंपनीचा ठरावीक नकाशा बदलतो.

बेरीजवजाबाकी

रटलंडचं उदाहरण मला पटलं. स्वस्त मालही आला आणि नळही लांबला नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की गरिबाच्या दहा टक्क्यांवर पाणी सोडू नका.

रेखांश ताई, तुम्ही पुन्हा त्या टेबलावर बसलात तर काय मागाल? तत्त्वं नकोत, करारात लिहिता येईल असं सांगा.

रेखांश

सगळ्यांत आधी इमारत. दुकान बंद होऊन ठरावीक मुदतीत, समजा अठरा महिन्यांत, नवा वापर सुरू झाला नाही तर पाडकामाचा खर्च भागेल एवढी हमी परवानगीआधीच शहराकडे ठेवायची. काही अमेरिकी शहरं अशी हमी घेतात. खरेदीखतात प्रतिस्पर्ध्यावर बंदी घालणार नाही, हे कंपनीने लिहून द्यायचं. माझ्या मते बाकीच्या सगळ्या अटींपेक्षा ही एक जास्त मोलाची आहे, कारण तिच्यामुळे इमारत विकली जाते आणि अपिलातला युक्तिवादही लंगडा पडतो.

आर्थिक परिणामांचा अभ्यास कंपनीच्या पैशाने, पण माणूस शहराने नेमलेला. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००७ मध्ये ७५,००० चौरस फुटांपुढच्या दुकानांसाठी असा कायदा केला होता. त्या अभ्यासात शेजारच्या गावांची विक्री आलीच पाहिजे, आणि त्या गावांच्या प्रतिनिधींना सुनावणीत बसवायचं. पार्किंगचा नियम शहराचा स्वतःचा असतो, तो निम्म्यावर आणला तर वरच्या हिशेबातले तीनेक एकर एका सहीने वाचतात. करमाफी द्यायचीच झाली तर नोकऱ्या प्रत्यक्ष दिसल्यावर, वर्षाच्या शेवटी, मागाहून. आधी नाही.

आणि तागडी, जुन्या बाजारातल्या एका बंद इमारतीच्या दुरुस्तीला त्याच वर्षी तेवढीच सवलत. मी हे दोनदा मागितलं होतं, दोन्ही वेळा निधी नाही असं उत्तर आलं.

रात्रपाळी

नोकऱ्या दिसल्यावर म्हणालात, त्यात एक घाला. माणसं मोजू नका, तास मोजा. आठवड्याला चाळीस तास म्हणजे एक नोकरी, एकोणीस तास म्हणजे अर्धीसुद्धा नाही. आणि तो हिशेब पहिल्या महिन्याचा घेऊ नका, उद्घाटनाच्या वेळी सगळ्यांना पूर्ण तास असतात. चौदाव्या महिन्याची पगारपत्रकं मागा. माझे तास तेराव्यात तुटले.

रेखांश

लिहून घेतलं. चौदावा महिना.